एका सेकंदाला एक किलो कापूस: एका पंख्याच्या गणिताचे रसग्रहण

दिवाळी सरली की यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग धडधडू लागतात. राळेगाव, वणी, पांढरकवडा, घाटंजी, दारव्हा, कुठल्याही रस्त्याने जा, कापसाने फुगलेल्या गाड्या दिसतात आणि जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग. भावाची चर्चा होते, ओलाव्याची होते, रुईच्या उताऱ्याची होते. ढिगापासून, रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांपर्यंत कापूस ओढून नेणारा पत्र्याचा पाइप आणि त्याच्या पलीकडे घोंघावणारा पंखा यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो बंद पडला की अख्खी जिनिंग बंद पडते, तेवढ्यापुरती त्याची आठवण होते.

या पंख्यामागे दीड-दोन पानांचे एक गणित असते. ते बहुतेक वेळा पंखा बनवणाऱ्याच्या फायलीत राहते आणि जिनिंगमालकाच्या हाती फक्त मोटरचे हॉर्सपॉवर पडतात. ते गणित मला अभियांत्रिकीतल्या उत्तम लेखनाचा नमुना वाटते. त्यात एकही ओळ जास्तीची नसते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून निघते आणि पुढच्या ओळीला बांधून ठेवते. म्हणून एखाद्या साहित्यकृतीचे करावे तसे त्याचे रसग्रहण करायचे ठरवले आहे: आधी आशय, मग रचना, मग सौंदर्यस्थळे, मर्यादा आणि शेवटी मूल्यमापन. आकडे या लेखासाठी घेतलेल्या एका मध्यम जिनिंगचे आहेत. प्रत्येक जिनिंगचे आकडे वेगळे येतील, गणिताची चाल हीच राहील.

पहिली ओळ मागणीची. चोवीस डबल रोलर रेचे, प्रत्येकी तासाला सुमारे ५० किलो रुई. म्हणजे तासाला १,२०० किलो रुई. कापसातून रुई साधारण ३४ टक्के उतरते, बाकीची मुख्यतः सरकी. म्हणजे तासाला पस्तीस-छत्तीस क्विंटल कापूस रेच्यांना पुरवायला हवा. छत्तीस क्विंटल धरला, तर हिशोब फार सुबक होतो: एका सेकंदाला एक किलो. जुन्या जिनिंगमध्ये हा कापूस टोपल्यांनी वर चढवला जाई आणि रेच्यांच्या तोंडाशी हातांनी घातला जाई. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले आणि कापूस हवेने वाहून नेण्याची पद्धत सर्वदूर पोचली. पहिल्या ओळीत हा सगळा बदल सामावलेला आहे. डोक्यावरच्या टोपलीचे काम आता हवेने करायचे आहे, आणि हवेला ते जमेल का हे पुढच्या ओळी ठरवणार आहेत.

दुसरी ओळ हवेची. एका किलो कापसासाठी दोन घनमीटर हवा धरू. पाइपमधला वेग सेकंदाला २२ मीटर. हा वेग का? सुटा, कोरडा कापूस याच्या कितीतरी कमी वेगातही उडतो. पण ढिगात फक्त कोरडा कापूस नसतो. दवाने भिजलेले गोळे असतात, कवडी असते, न उमललेली बोंडे असतात, शेतातली ढेकळे असतात. वेग फार उतरला की हे जड ऐवज पाइपच्या तळाशी बसू लागतात, त्यांच्यावर कापूस अडकतो आणि पाइप तुंबतो. उलट वेग फार वाढवला तर बेंडवर आपटून सरकी फुटते, तिची टरफले रुईत मिसळतात आणि धागा गुंतून त्याची प्रत उतरते. तेव्हा २२ हा आकडा दोन नुकसानांच्या मधला आहे. खालून तो मजुराच्या वेळेने आणि वरून शेतकऱ्याच्या मालाच्या प्रतीने बांधलेला आहे.

तिसऱ्या ओळीत पाइपचा व्यास निघतो. सेकंदाला दोन घनमीटर हवा २२ मीटर वेगाने जायची, तर व्यास ३४० मिलिमीटर येतो. पत्र्याचे काम करणारा ३५० करतो, आणि त्या दहा मिलिमीटरने वेग २०.८ वर उतरतो. हिशोब करणारा इथे पुढे जात नाही, मागे वळतो. व्यास ३५० ठेवायचा तर हवा २.१ घनमीटर करावी लागेल, म्हणजे वेग पुन्हा २१.८ होईल. तो दुसरी ओळ खोडतो आणि २ च्या जागी २.१ लिहितो. ही खोड मला फार आवडते. कागदावरच्या सूत्राने पत्रा कापणाऱ्या माणसाचे ऐकले, याची ती खूण आहे.

याच ओळीत एक धोकाही दडलेला आहे. पत्रा वाचवायचा म्हणून कुणी ३०० चा पाइप टाकला तर? तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून न्यायची असेल, तर घर्षणाने जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. ३५० चे ३०० झाले की पाइपमधले घर्षण दुपटीहून जास्त होते. एकदा वाचवलेल्या पत्र्याची किंमत मग दर हंगामात विजेच्या बिलातून जाते. पाचवा घात रोजच्या व्यवहारात सहसा भेटत नाही, म्हणून तो अंदाजाने कळत नाही. तो मांडूनच पाहावा लागतो.

चौथी ओळ यवतमाळची आहे. पंख्यांचे तक्ते साधारणपणे घनमीटरला १.२ किलो वजनाच्या हवेवर छापलेले असतात, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या वीस अंशांच्या हवेवर. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. तिथे तीस अंश तापमानाला घनमीटर हवेचे वजन १.१० किलो भरते. भर मे महिन्यात पारा ४५ वर गेला की १.०५, डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांवर १.१६. पंखा घनमीटर तेवढेच ओढतो, पण त्याने निर्माण केलेला दाब आणि त्याने खाल्लेली वीज या दोन्ही गोष्टी हवेच्या वजनाबरोबर कमी-जास्त होतात. मुंबईच्या तक्त्यावरून निवडलेला पंखा यवतमाळात आठ टक्के कमी दाब देईल, आणि दोष पंखा बनवणाऱ्याच्या माथी बसेल. गावाची उंची आणि ऋतूचे तापमान ज्या गणितात नाही, ते गणित त्या गावाचे नाही, असे ही ओळ बजावते.

पाचवी ओळ सगळ्यात लांब. रचनेच्या दृष्टीने हा या गणिताचा गाभा. हवेच्या वेगात जी ऊर्जा असते, तिला गतिदाब म्हणतात: घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. आपल्या पाइपमध्ये तो २६१ पास्कल भरतो. हे एकक धरून सगळा खर्च मांडायचा. चाळीस मीटर सरळ पाइपचे घर्षण ५३८ पास्कल. तीन बेंडचे २३५. पाइपच्या तोंडाशी हवा आत शिरताना २६१. मग कापसाचा खर्च. दर सेकंदाला एक किलो कापूस स्थिर ढिगातून उचलून त्याला सेकंदाला पंधरा मीटरचा वेग द्यायचा, म्हणजे पंधरा न्यूटनचा जोर. तो पाइपच्या छेदावर वाटला की १५६ पास्कल. कापूस पाइपला घासत जातो, त्याचे पाइप आणि बेंड मिळूनच्या घर्षणाच्या तीस टक्के धरून २३२. कापूस हवेपासून वेगळा करणाऱ्या सेपरेटरचे ५०० आणि शेवटी बाहेर पडणारी हवा गाळणाऱ्या सायक्लोनचे १,०००. बेरीज २,९२२. थोडी सूट ठेवून ३,००० पास्कल. कारखान्यात हाच आकडा तीनशे मिलिमीटर वॉटर गेज म्हणून सांगतात.

ही बेरीज घरखर्चाच्या वहीसारखी सावकाश वाचावी, म्हणजे दोन गोष्टी दिसतात. कापसाच्या नावावर पडलेला खर्च फक्त १५६ आणि २३२, एकूण ३८८ पास्कल, म्हणजे सगळ्याच्या सुमारे तेरा टक्के. बाकीचा जवळजवळ सगळा जोर हवेने स्वतःला पाइपमधून नेण्यात, वळवण्यात आणि गाळण्यात जातो. म्हणजे बचतीची जागा कापसात शोधून उपयोग नाही, ती पाइपच्या मार्गात आहे. एक बेंड कमी झाला, ढीग पाच मीटर जवळ आला, तर ती खरी कमाई. दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. वहीतला सगळ्यात मोठा एकटा आकडा सायक्लोनचा आहे, जवळजवळ एक तृतीयांश. कापूस रेच्यापर्यंत पोचून गेल्यावरचा हा खर्च आहे. तो रुईसाठी नाही. जिनिंगच्या आवारात काम करणाऱ्या बायामाणसांच्या आणि भिंतीपलीकडच्या वस्तीच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून तो केलेला आहे. एक हजार पास्कल हा या गणितातला सगळ्यात माणुसकीचा आकडा आहे, आणि काटकसरीच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड नेमकी त्याच्यावरच पडते.

सहावी ओळ शक्तीची, आणि ती थोडक्यात उरकते. २.१ घनमीटर गुणिले ३,००० पास्कल, म्हणजे ६.३ किलोवॅट. एवढे काम हवेवर झाले पाहिजे. पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली की शाफ्टवर ९.७, पट्ट्याची घट मिळवून १०.२ किलोवॅट. बाजारात ११ ची मोटर मिळते, पण ती काठावर चालेल. म्हणून १५ किलोवॅटची, म्हणजे वीस हॉर्सपॉवरची. जिनिंगमालकाला कळतो तो हा एकच आकडा. त्याच्यामागे आतापर्यंत पाच ओळी उभ्या आहेत.

इथे जाणकार वाचक अडेल. ६५ टक्केच का? मागे झुकलेल्या पात्यांचे पंखे ऐंशी टक्क्यांवर सहज जातात. उत्तर असे, की सेपरेटरनंतरही हवेत बारीक तंतू आणि धूळ राहते. मागे झुकलेल्या पात्यांवर ती चिकटत जाते. सरळ, त्रिज्येच्या दिशेने बसवलेली पाती स्वतःला झाडत राहतात. हिशोब करणाऱ्याने कार्यक्षमतेचे पंधरा टक्के समजून-उमजून सोडले, कारण तो प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेसाठी पंखा बनवत नव्हता. कागदावर चांगले दिसणारे सोडून जागेवर टिकणारे निवडणे, यात कारागिराची समज दिसते.

सातवी ओळ जुन्या घराण्यातली आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने फिरत्या चाकाने द्रवाला दिलेल्या ऊर्जेचे सूत्र मांडले. त्याचा आशय एका वाक्यात सांगता येतो: पात्याच्या टोकाचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा फिरता वेग यांचा गुणाकार, गुणिले हवेची घनता, एवढाच दाब मिळू शकतो. सरळ पात्यांत हवा पात्याच्या वेगाने फिरायला पाहते, पण दहा पाती असली तर ती जवळजवळ ऐंशी टक्केच साथ देते. आतल्या भोवऱ्यांत आणि घर्षणात त्यातलेही सत्तर टक्केच हाती लागते. ही वजावट करून ३,००० पास्कल हवे असतील, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ७० मीटर हवा. मिनिटाला १,८०० फेरे धरले की चाकाचा व्यास ७४३ मिलिमीटर येतो, म्हणून ७५०. सेकंदाला ७० मीटर म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. पत्र्याच्या त्या खोक्यात, कामगाराच्या हाताच्या अंतरावर, पोलादाचे टोक या वेगाने फिरत असते. केसिंगवरची जाळी आणि पट्ट्यावरचे कव्हर का काढू नये, हे समजायला दुसरा उपदेश लागत नाही.

आठवी ओळ शाफ्टची. साऱ्या गणितात मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती हीच. मोटरचा पीळ पंख्यापर्यंत पोचवायचा, तर तो किती? ९.७ किलोवॅट आणि १,८०० फेरे, म्हणजे जेमतेम ५१ न्यूटन-मीटर. एवढ्या पिळाला वीस मिलिमीटरहूनही बारीक शाफ्ट पुरतो. मग प्रत्यक्षात ६० मिलिमीटरचा जाडजूड शाफ्ट का? कारण चाक दोन बेअरिंगच्या मध्ये नाही, एका बाजूला लोंबते आहे. पन्नास किलोचे चाक बेअरिंगपासून पाव मीटर बाहेर आणि दोन बेअरिंगमध्ये अर्धा मीटर अंतर असे धरले, तर ६० मिलिमीटरचा शाफ्ट त्याच्या भाराने ०.०६ मिलिमीटरही वाकत नाही आणि त्याचा क्रांतिक वेग, म्हणजे ज्या वेगाला शाफ्ट स्वतःच झुलू लागतो तो, मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास येतो. चालू वेगाच्या दुपटीहून वर, म्हणजे निर्धास्त. हाच शाफ्ट ४० चा घेतला, तर? ताकदीच्या हिशोबाने तोही भरपूर आहे, हातात घेतला तर भक्कमच वाटेल. पण क्रांतिक वेग जाडीच्या वर्गाने उतरतो आणि १,७३५ वर येऊन थांबतो. पंखा फिरायचा आहे १,८०० ने. म्हणजे नेमक्या त्या वेगाला शाफ्ट स्वतःच्या लयीत झुलू लागणार, थरथर वाढत जाणार आणि बेअरिंग एका हंगामातही टिकणार नाहीत. तुटण्याची भीती नसताना मोडणारा हा शाफ्ट आहे. मजबुती आणि स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोलादाच्या बाबतीत इतक्या थेट आकड्यांत क्वचित वाचायला मिळते.

नववी ओळ तोलाची. टोकाशी सत्तर मीटर वेग आणि ३७५ मिलिमीटर त्रिज्या असली, की काठावरच्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तेराशे तीस पट जोराने बाहेर ओढले जाते. तिथे एक ग्रॅम म्हणजे सव्वा किलोहून जास्त. आंतरराष्ट्रीय मानकात पंख्यांसाठी तोलाची जी सामान्य श्रेणी वापरतात, तिच्याप्रमाणे या पन्नास किलोच्या चाकाला काठावर एकूण साडेचार ग्रॅमच्या आसपासच असमतोल चालतो. आता जिनिंगमध्ये काय होते ते पाहा. एका पात्यावर ओलसर धूळ आणि तंतू यांचा तीस ग्रॅमचा थर बसला. मूठभर कचरा, झाडून टाकला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण फिरताना तो थर जवळजवळ चारशे न्यूटनचा, म्हणजे चाळीस किलोचा झटका देतो, आणि असे झटके सेकंदाला तीस. पायाचे बोल्ट ढिले होतात, बेअरिंग गरम होतात, आवाज बदलतो. अनुभवी फिटर आधी बेअरिंगला हात लावत नाही. वीज तोडतो, केसिंगचे झाकण उघडतो आणि पाती पुसतो. त्याने ही ओळ वाचलेली नसेल, पण तिचा अर्थ त्याच्या हातात आहे.

आता जुळणी. कागदावरचे गणित इथे पत्र्यात आणि बोल्टमध्ये उतरते. हवा आत घेणारा शंकू आणि चाक यांच्यातली फट काही मिलिमीटरचीच असायला हवी. ती वाढली की बाहेर ढकललेली हवा त्या फटीतून परत आत येते आणि पंखा तीच तीच हवा घुसळत बसतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे अजूनही ताणलेल्या दोरीने तपासतात आणि ती तपासणी खोटी ठरत नाही. सगळ्यात फसवी चूक फिरण्याच्या दिशेची. मोटरच्या तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या की चाक उलटे फिरते, पण अशा पंख्यात हवा तरीही त्याच वाटेने बाहेर पडते, फक्त बरीच कमी. म्हणून कुणाला संशय येत नाही. पाइप तपासतात, सेपरेटर उघडतात, पंखा लहान पडला असे ठरवतात. केसिंगवर रंगवलेला बाण आणि फिरणारी पुली यांच्याकडे एकदा पाहिले असते, तर ते सगळे टळले असते.

इथपर्यंत ओळी एकामागून एक आल्या. रचनेचे खरे वैशिष्ट्य शेवटच्या आकृतीत आहे. तीत दोन वक्ररेषा असतात. एक पंख्याची: हवा जास्त गेली की दाब कमी. दुसरी पाइपची: हवा दुप्पट, तर लागणारा दाब चौपट. या दोन रेषा जिथे छेदतात, त्याच ठिकाणी पंखा चालतो. मोटरवरच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, मालकाची इच्छा काहीही असो, दोघांच्या तडजोडीचा तो एकच बिंदू. त्यामुळे पंख्याचे वेगळे आणि पाइपचे वेगळे गणित असूच शकत नाही. साफसफाईसाठी पाइप मधूनच सोडवला आणि तसाच पंखा चालू केला, तर पाइपची रेषा कोसळते, पंखा मोकळ्या तोंडाने भसाभस हवा ओढतो, सरळ पात्यांच्या पंख्याचा भार हवेबरोबर चढत जातो आणि मोटर ट्रिप होते. अडथळा कमी झाला म्हणून भार वाढला. हे उलटे वाटते, पण आकृती पाहिली की त्यात काहीच उलटे राहत नाही.

आणि मग पंख्याचे तीन नियम. फेऱ्यांच्या प्रमाणात हवा, वर्गाच्या प्रमाणात दाब, घनाच्या प्रमाणात शक्ती. तीन छोटी वाक्ये, पण जिनिंगच्या रोजच्या कारभारात यांच्याइतकी उपयोगी वाक्ये दुसरी नाहीत. हंगाम भरात आला की हवा कमी पडते अशी तक्रार येते आणि मोटरची पुली काही सूत मोठी टाकली जाते. फेरे दहा टक्के वाढले तर मोटरकडून लागणारी शक्ती एक तृतीयांशाने वाढून १३.६ किलोवॅट होते, १५ ची मोटर ते सोसते. फेरे वीस टक्के वाढवले तर १७.६. ती मोटर जळणार, आणि मोटर हलक्या प्रतीची निघाली असे सगळे म्हणणार. उलट दिशेने वाचले तर हाच नियम पैसे वाचवतो. फेरे वीस टक्के कमी केले की शक्ती निम्म्यावर येते. पण इथे गणित स्वतःच आपल्याला अडवते: पाइपमधला वेग तेव्हा १७.४ मीटर होईल, आणि दुसऱ्या ओळीने तर ओल्या कापसासाठी २२ ची अट घातली होती. म्हणजे वेग कमी करायचा असेल तर आधी दुसऱ्या ओळीची परवानगी हवी. शेवटच्या ओळीला पहिल्या ओळींशी असे बांधून ठेवणे, हे चांगल्या रचनेचे लक्षण आहे.

याच गणिताचे दुसरे रूप जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी परिसरात, जमिनीखाली वाचायला मिळते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या तिथल्या खाणी आज बहुतांशी उघड्या आहेत, पण राजूर, कुंभारखणी यांसारखी नावे भूमिगत खाणींची आहेत. तिथे पाइपच्या जागी बोगद्यांचे जाळे असते आणि हवेने वाहायचे असतात ते माणसांचे श्वास. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत काम करणाऱ्या जॉन जॉब अ‍ॅटकिन्सन यांनी १८५४ मध्ये खाणीचा विरोध आणि हवेचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे लागणारा दाब, हे सूत्र मांडले. आपल्या पाचव्या ओळीतला वर्ग तो हाच. भारताच्या कोळसा खाण नियमावलीने त्याला आकडा जोडला: सर्वांत मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे २.५ घनमीटर, यांपैकी जे जास्त असेल ते. दोनशे माणसे असतील तर १,२०० घनमीटर. पाचशे टन कोळसा निघत असेल तर १,२५०. मोठा आकडा घ्यायचा.

त्या नियमातला एक बारकावा डोळ्यांत भरतो. ही हवा पंख्यापाशी मोजायची नाही. ती कामाच्या जागेजवळच्या शेवटच्या वायुवीजन जोडापाशी मोजायची. वाटेतल्या दारांतून, पडद्यांतून, जुन्या बंद बोगद्यांच्या भिंतींतून जी हवा गळते, ती पंख्याने ओढलेली असली तरी माणसापर्यंत पोचलेली नाही, म्हणून ती हिशोबात नाही. ज्याच्यासाठी पंखा आहे, त्याच्यापाशी उभे राहून पंख्याचे माप घ्या, असे हा नियम सांगतो. जिनिंगलाही तोच लागू करावा. पंख्याच्या तोंडाशी किती हवा आहे, ते सांगून काय उपयोग? ढिगापाशी, पाइपच्या मुखाशी मोजा. गळक्या जोडांनी आणि पत्र्याच्या भोकांनी मधेच किती खाल्ली, ते तिथे कळते.

मर्यादाही नोंदवायला हव्यात. कापसाच्या घर्षणासाठी धरलेले तीस टक्के हा अंदाज आहे, नियम नव्हे. कापसाची जात, ओलावा, वेचणीत आलेला कचरा यांनी तो बदलतो. पोचे पडलेल्या जुन्या पत्र्याचे घर्षण नव्यासारखे राहत नाही. आवाजाबद्दल हे गणित काहीच बोलत नाही, आणि पंख्याशेजारी दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानांचा विचार वेगळाच करावा लागतो. पण यातली बहुतेक गृहीतके कागदावर उघडपणे लिहिलेली असतात. कुठे मोजले आहे आणि कुठे धरून चाललो आहोत, हे लपवलेले नसते. म्हणून दुसरा कुणीही ते पुढे नेऊ शकतो, दुरुस्त करू शकतो. अंदाजाला अंदाज म्हणणारे लिखाण विश्वासाला पात्र असते.

मूल्यमापन एका वाक्यात करता येईल: सेकंदाला एक किलो कापूस उचलणारे हे दीड पान आशयाने नेमके, रचनेने घट्ट आणि माणसाबद्दल जागरूक आहे. त्यात यवतमाळची उंची आहे, ओल्या कापसाचा स्वभाव आहे, पत्रेवाल्याचे माप आहे आणि कुंपणापलीकडच्या घराची हवा आहे. एवढ्या गोष्टींना एकाच वेळी न्याय देणारे लिखाण कुठल्याही क्षेत्रात आदराने वाचावे असे असते.

म्हणून शेवटी विनंती. जिनिंगमालकांनी नवा पंखा घेताना हॉर्सपॉवरवर थांबू नये. हवा किती, दाब किती, कुठल्या घनतेला, हे विचारावे आणि पंख्याचा वक्र गणितासह मागून घ्यावा. त्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून पंख्याशेजारी लावावी आणि पुली बदलण्याआधी फिटरला ती वाचू द्यावी. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांनी पंखा शिकवताना पुस्तकातले उदाहरण बाजूला ठेवून मुलांना जवळच्या जिनिंगमध्ये न्यावे, पाइप मोजायला लावावा, तीनशे मिलिमीटरचा दाब नळीतल्या पाण्यावर प्रत्यक्ष पाहू द्यावा. हे गणित मराठीत मांडायला अवघड नाही, आणि ज्यांच्या हातात हा पंखा रोज असतो, ती माणसे मराठीच बोलतात. ते त्यांच्यापर्यंत पोचलेच पाहिजे.